हौसराव आबांचं शेवटचं पॅनल

हौसराव आबांनी राजकारण सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. म्हणजे सोडायला सुरुवात केली त्याला. दर निवडणुकीनंतर ते पारावर बसून, कानाला हात लावून सांगायचे, "बास झालं. आता ही माळ आन् मी." पुढची निवडणूक लागली की माळ गळ्यात तशीच असायची आणि आबा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून कुणाच्या तरी मळ्यात सकाळी सकाळी उगवायचे. चहा घ्यायचे, कांद्याचा भाव विचारायचे, आणि उठताना सहज म्हणून म्हणायचे, "तुझ्या थोरल्याचा फॉर्म भरायचा का मग?"

राहू गावाच्या पलीकडं एका वाडीत त्यांची जमीन, ऊस आणि कांद्याची. त्या वाडीच्या सोसायटीचं पॅनल बांधावं तर आबांनीच, असं विरोधकसुद्धा मान्य करत. कुठल्या भावकीत कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या बांधाचं भांडण कुठं अडलंय, कुणाच्या घरात सासऱ्याचं चालतं आणि कुणाच्या घरात मेव्हण्याचं, हे त्यांना स्वतःच्या रक्तातल्या साखरेपेक्षा नीट ठाऊक असायचं. एवढं करून चेअरमनच्या खुर्चीत बसायचं मात्र दुसरंच कुणीतरी. आबा त्या खुर्चीमागं उभे, फोटोत अर्धा खांदा येईल इतपत.

एकदाच, वीसेक वर्षांपूर्वी, सगळे म्हणाले, "आबा, ह्या खेपंला तुमीच." तेरांपैकी आबा धरून सात संचालक बाजूनं होते, म्हणजे बहुमत. आबांनी बाकीच्या सहाही जणांना जेजुरीला नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. खंडेरायापुढं शपथ घेतलेला माणूस फिरत नाही, असा त्यांचा हिशेब. तरी खबरदारी म्हणून निवडीच्या दिवसापर्यंत कुणी गाठू नये अशा बेतानं गाडी करून सगळ्यांना गाणगापूर आणि अक्कलकोट फिरवून आणलं. निवडीच्या दिवशी सहा हात आबांसाठी वर झाले आणि सातवा हात समोरच्यांसाठी. तो हात होता पोपटरावांचा.

पोपटराव म्हणजे शाळेत आबांच्या पाटीवर थुंकून पाटी पुसून देणारा मित्र. त्या दिवसापासून आबा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आबांच्या बायको सोजराबाई गेल्या, त्यांच्या दहाव्याला पोपटराव आले, घाटावर कोपऱ्यात उभे राहिले. बायकोच्या दुःखातही आबांनी तेवढी आठवण ठेवली आणि त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. फुटायला ह्याला काय मिळालं असेल, हा प्रश्न मात्र त्यांनी कधी सोडला नाही. जमीन म्हणावी तर वाढली नाही, पद म्हणावं तर कुठलं मिळालं नाही. आबा रात्रंदिवस त्याचा अंदाज बांधत राहिले.

सोजराबाईंमागं मुलगा रविराज त्यांना शिरूरला घेऊन गेला. रविराज रांजणगावच्या एमआयडीसीत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सून समृद्धी मायाळू. पण तिसऱ्या मजल्यावर माणसानं दिवसभर करायचं काय? आबांनी सहा महिन्यांच्या आत बिल्डिंगच्या सोसायटीचा सेक्रेटरी पाडला. पार्किंगच्या प्रश्नावर. नवा सेक्रेटरी आबांच्या पॅनलचा, सगळं रीतसर, पेढे वाटून. फक्त जुना सेक्रेटरी रविराजच्या कंपनीत त्याचाच साहेब निघाला. रविराज तसा गुणी पोरगा, नुसता जेवताना ताटाकडं बघत राहिला. आबांनी ओळखलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पिशवी भरली आणि म्हणाले, "मला दौंडला सोड. सिस्टरांच्याकडं."

सिस्टरांच्याकडं म्हणजे करुणा सदन. दौंडच्या अलीकडं, रेल्वेलाईनच्या कडेला, ख्रिस्ती सिस्टर लोकांनी चालवलेलं म्हाताऱ्या माणसांचं घर. कुणाच्या तरी पुण्यतिथीच्या पंगतीला आबा पूर्वी एकदा तिथं जेवून आले होते आणि तिथल्या आमटीबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. रविराज दाराशी रडला. आबा म्हणाले, "रडतूस कशाला? म्या काय तुरुंगात चाललोय? रविवारी ये, येताना माव्याचं काही आणू नगंस, इथं साखर तपासत्यात."

तिथल्या मुख्य सिस्टर अनुपमा. नगरकडच्या, चार-पाच पिढ्यांपासूनच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. संध्याकाळी पडवीत मरियेच्या मूर्तीपुढं आधी त्यांची प्रार्थना व्हायची, मग त्याच पडवीत त्याच खुर्च्यांवर आबांचा हरिपाठ. टाळ सदनाचेच. कुणाचा देव कोणता हे सिस्टर विचारत नसत, गोळ्या घेतल्या का एवढंच विचारत. आबांना हे फार पटलं. इतक्या वेगवेगळ्या भावक्या एका छपराखाली राखणारी बाई म्हणजे मोठ्या ताकदीची, असं ते सगळ्यांना सांगायचे.

दिवाळीनंतर सदनात एक नवा माणूस आला. चाकांच्या खुर्चीतून आला, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे. साखरेनं उजव्या पायाचा अंगठा गेलेला. मूलबाळ नाही. पुतण्यांनी आणून सोडलं, फोन नंबर दिला आणि गेले, तो नंबर पुढं कधी लागला नाही. एवढं मोठं सदन, पण मोकळी खोली नेमकी आबांच्या समोरची होती. आबांनी दारातून पाहिलं, पोपटरावांनी आतून पाहिलं. आबांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून आबांना पडवीत जायचं असलं की ते मागच्या दारानं, स्वयंपाकघराला वळसा घालून जात. स्वयंपाकीण सविताला आधी वाटलं की म्हाताऱ्याला भूक फार लागते.

तर अशात ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार आला. प्रार्थना झाल्यावर सिस्टर अनुपमांनी सांगितलं, "येत्या गुरुवारी फादर सुदर्शन येणार आहेत. प्रभू येशूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून फादर आपल्यातल्या बारा जणांचे पाय धुतील. ज्याला मनापासून बसावंसं वाटेल त्यानं बसावं, कुणावर सक्ती नाही." मग इकडंतिकडं पाहत त्या म्हणाल्या, "आबा, तुम्ही जरा सगळ्यांना विचारून मंगळवारी मला बारा नावं सांगाल?"

साधी गोष्ट. दुसऱ्या कुणालाही सांगितली असती तर त्यानं जेवताना विचारून हात मोजले असते. पण सांगितली हौसराव आबांना. त्यांच्या कानात बारा नावं एवढंच शिरलं, आणि पुष्कळ दिवस दावणीला बांधलेल्या बैलानं चाबकाचा आवाज ऐकावा तसे ते ताठ बसले.

"बारा म्हंजी सोसायटीच्या बोर्डापेक्षा एकच कमी," ते धुरपदाबाईंना म्हणाले. "आन् फादर सोता पाय धुनार म्हंजी मान केवढा! असल्या जागा दिसंल त्याला वाटायच्या नसत्यात. समतोल राखाया लागतुया."

धुरपदाबाई खुटबावच्या. जन्म शेवंती आणि झेंडू तोडण्यात गेलेला, त्यामुळं बोटं आणि जीभ दोन्ही चालू. "राखा बाई समतोल," त्या म्हणाल्या. "माझं नाव घालून राखा म्हंजी झालं."

सोमवारी आबा हिंडले. एकही नाव त्यांनी कागदावर घेतलं नाही, पॅनल कधी कागदावर बांधत नसतात. बायकांच्या जागा ठेवल्या. खुटबावकडचे, दौंडचे, नदीपलीकडचे, सगळे बघितले. रेल्वेतून निवृत्त झालेले ख्रिस्ती लोक थोडे होते, त्यांचा हक्क मोठा, पण त्यांनाच सगळं दिलं तर बाकीचे नाराज. मालगाडीचे जुने गार्ड सॅम्युअल म्हणाले, "आबा, मेरा तो हर साल धुलता है." आबांनी त्यांना समजावलं की जुन्या सदस्याला पुन्हा संधी द्यायची की नवा चेहरा आणायचा, याचा विचार वरच्या पातळीवर चालू आहे. वरच्या पातळीवर आबा एकटेच होते. शेवटी त्यांनी सॅम्युअलना घेतलं, अनुभवी माणूस म्हणून.

मलठणचे सोपानराव मात्र कचरत होते. "आबा, पाय धुऊन घेतलं की बाटतंय का वो मानूस?"

आबा उत्तर जुळवत होते तेवढ्यात धुरपदाबाई म्हणाल्या, "लग्नात जावयाचं पाय धुतो आपुन, त्यो बाटतोय व्हय? उलट सोकावतोय."

सोपानराव आले पॅनलमध्ये.

आणि मग सदनात पायांची लाट आली. ज्यांची नावं नक्की झाली ते सगळे आपापल्या पायांकडं असे बघू लागले, जसे काही ते पहिल्यांदाच दिसले होते. धुरपदाबाईंची टाचा घासायची वजरी खोल्याखोल्यांतून फिरली. कुणी टाचेला कोकमतेल लावलं, कुणी खोबरेल. नखं काढून घ्यायला सिस्टरांच्या पुढं रांग लागली. एवढं घासून झाल्यावर फादरना धुवायला काही उरेल का, अशी शंका सविताला आली आणि तिनं ती मोठ्यानं बोलूनही दाखवली.

त्या दुपारी धुरपदाबाई आबांकडं आल्या. "पोपटराव म्हनत्यात, माजं बी नाव घ्या म्हनावं."

"कोन पोपटराव?"

"समोरच्या खोलीतलं."

"समोरची खोली मोकळी हाय," आबा म्हणाले.

धुरपदाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. सगळ्या सदनाला सातव्या हाताची गोष्ट माहीत होती, कारण आबांनीच ती सांगितली होती, एकेकाला आणि अनेकदा. त्या आपली वजरी घेऊन गेल्या.

अकरा नावं झाली होती. बारावी जागा आबांनी कुणाला दिली नव्हती. विचारणाऱ्याला ते "बघू" म्हणत, पण ठरलेलं होतं. ती जागा त्यांची स्वतःची होती. आणि इथं चेष्टा बाजूला ठेवून सांगायला पाहिजे की ती जागा त्यांना फार हवी होती. जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवलं, हार आणून दिले, टाळ्या सुरू करून दिल्या. आपल्यालाही कुणी हाताला धरून बसवावं, आपण पुढं असावं आणि आपल्यापुढं कुणीतरी वाकावं, ही हौस त्यांच्या मनात जळत राहिली होती आणि सोजराबाईंशिवाय ती कुणाला कळली नव्हती. रविवारपासून ते रोज संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसत होते, दार लावून.

मंगळवारी सिस्टर अनुपमा चादरींच्या घड्या घालत होत्या. आबांनी पुढं उभं राहून एकेक नाव सांगितलं, प्रत्येकाबरोबर कारण. ह्यांना का, त्यांना का, हे घेतलं तर ते कसे गप्प बसतील. सिस्टरांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि त्यांनी तोंडापुढं चादर धरली. चादर बराच वेळ हलत होती.

"अकरा झाले," त्या शेवटी म्हणाल्या. "बारावं?"

आबांनी टोपी नीट केली. "बारावा मीच."

"छान," सिस्टर म्हणाल्या. एक घडी पुरी केली, दुसरी चादर उचलली. "पण आबा, ह्यांत फुटणारा कोण?"

"आं?"

"त्या बारांतला एक फुटला होता. यहूदा नाव त्याचं. समोरच्यांना जाऊन मिळाला आणि गुरूला धरून दिलं त्यानं."

आबांचे डोळे चमकले. धर्माची गोष्ट एवढी ओळखीची निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मग त्यांस्नी कवा कळलं? ऐन टायमाला?"

"आधीपासून माहीत होतं. पाय धुवायला बसले तेव्हाही माहीत होतं."

"म्हाईत असून त्येचं बी धुतलं?"

"त्याचेही. बाकीच्यांसारखेच."

आबांनी मान हलवली. त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. "ह्ये कच्चं राजकारन झालं, सिस्टर. म्हाईत हाय म्हटल्यावर त्येला मधल्या मधी काढाया पायजे व्हता. जेवायला बशिवलाच कशाला?"

"खरंय. चेअरमन नसता झाला आमचा प्रभू कधी." सिस्टर हसल्या. मग चादर खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचे अकराही जण चांगले आहेत. तुम्ही तर आहातच. पण सगळे आपल्याच बाजूचे घेऊन बारा होत नाहीत, आबा. बघा, एखादा फुटलेला सापडतो का."

त्यांनी समोरच्या खोलीकडं बघितलंसुद्धा नाही. नगरकडच्या बाईला सोसायटीचं आणि कारखान्याचं राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

आबा तरातरा निघाले. जागा काढायची तर दुसऱ्या कुणाची तरी काढू, असा विचार करून ते माघारीसाठी फिरले. सोपानरावांना म्हणाले, "औंदा माघार घ्या. फुडल्या साली तुमची जागा पक्की, माजा शबुद."

सोपानराव म्हणाले, "फुडल्या साली मी असन का, आबा?"

सोसायटीत पुढच्या टर्मचा शब्द देता येतो, तिथं माणसं मरत नाहीत, नुसती पडतात. धुरपदाबाईंनी दोन्ही टाचा वर करून दाखवल्या. "बगा ह्या. जल्मात असल्या नव्हत्या. आता माघार घिऊ?" सॅम्युअल गार्ड शांतपणे म्हणाले, "आबा, आप ही उठ जाओ ना."

बुधवारी आबांनी भाकरी अर्धीच खाल्ली. दिलेलं तिकीट त्यांनी जन्मात कधी परत घेतलं नव्हतं, आणि आता तेच आडवं आलं. अकरा जागा शब्दाला बांधलेल्या, मोकळी ती एकच, स्वतःची. ज्या माणसानं एक खुर्ची ओढून घेतली, त्यालाच उठून दुसरी द्यायची? आबांना सिस्टरांचा राग आला, त्या यहूदाचा आला, मग त्याच्या गुरूचा आला. आपण बसायचंच, असं ठरवून ते पाय बादलीत सोडून बसले.

गुरुवारी संध्याकाळी पडवी धुऊन काढली होती. बारा खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या, अकरा भरलेल्या. धुरपदाबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि ते गुडघ्यापर्यंत वर धरून बसल्या होत्या. फादर सुदर्शन स्कूटरवरून आले. अंगावर पांढरा झगा, कमरेला टॉवेल, हातात घमेलं आणि तांब्या. आबा कडक इस्त्रीचं धोतर नेसून शेवटच्या खुर्चीपाशी आले आणि सवयीनं तिच्या मागं जाऊन उभे राहिले, पाठीवर हात ठेवून.

"आबा, बसा की," सिस्टर म्हणाल्या.

आबा बसले नाहीत. खुर्चीच्या मागून बघितलं तर समोर सरळ ती खोली दिसत होती. दार उघडं होतं आणि आत पोपटराव चाकांच्या खुर्चीत बसून मान लांब करून पडवीकडं बघत होते. जत्रेत खांद्यावर घ्यायला कुणी नसलेलं पोर बघतं तसं. त्यांनी केस विंचरले होते. कुणी बोलावलं नव्हतं तरी विंचरले होते. आबांना ते सहन झालं नाही. "थांबा वाईच," ते फादरना म्हणाले आणि पडवी ओलांडून थेट समोरून, त्या दारानं आत गेले.

आत जाऊन काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. म्हणून न बोलता त्यांनी खुर्ची मागून धरली आणि ढकलायला लागले.

"कुटं नेतूस?" पोपटराव म्हणाले. मग घाबरून, "हौसराव, नगं. पाय लोकात दाखवायजोगं न्हाईत माजं."

आबा थांबले. "मग नाव घाला म्हनून सांगावा कशाला धाडलास?" वीस वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

पोपटराव खालच्या आवाजात म्हणाले, "भ्या वाटतंय. खंडेरायाचा भंडारा उचलून फिरलो. त्येनं अंगठा घेतला. आता शेजारचं बोट बी काळं पडाय लागलंय. म्हटलं, ह्या देवाची त्या देवाशी वळख असंल, तर ह्यो शबुद टाकंल माज्यासाठी."

इतकी वर्षं ते स्वतःला फसवला गेलेला माणूस समजत होते. पण एका खुर्चीपायी त्या माणसाच्या हातात देव देऊन त्याला जेजुरीच्या पायरीवर उभा करणारे तेच होते. तो रोज पाय उघडताना खंडोबाला घाबरत असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

"खंडेरायाला काय दुसरा उद्योग न्हाई व्हय?" ते ओरडले. "एवढा मोठा द्येव आन् तुजा अंगठा घीत बसंल? साखरंनं गेला त्यो. चहात तीन-तीन चमचं टाकत व्हतास, म्या सोता बघितलंय. गप चल!"

पडवीत सगळ्यांनी ऐकलं. आबांनी बारावी खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तिच्या जागी पोपटरावांची चाकांची खुर्ची उभी केली.

फादरनी पहिल्यापासून सुरुवात केली. सॅम्युअलनी छातीवर क्रूस केला. धुरपदाबाईंना गुदगुल्या झाल्या आणि त्या हसू दाबायला लागल्या, ते त्यांना आजवर कधी जमल्याचं ऐकिवात नाही. सोपानरावांनी फादरना दुसरा पायही नीट धुवायला लावला. असं करत फादर शेवटी पोपटरावांपुढं आले. पोपटरावांना पाय उचलेना, मोजा निघेना, आणि दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे घट्ट धरून ठेवले.

आबा कण्हत कण्हत खाली बसले. कडक धोतर फरशीवर पसरलं. त्यांनी पोपटरावांचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा हळूहळू उतरवला. पाय फुगलेला, कातडी चकचकीत, अंगठ्याच्या जागी गाठ आणि शेजारचं बोट काळपट. धुरपदाबाईंचं हसू थांबलं होतं. टाच आबांनी तळहातावर धरली आणि फादरनी पाणी सोडलं. आबांचे हात भिजले, धोतर भिजलं.

"का फुटलास रं?" आबांनी हळूच विचारलं. मान वर केली नाही.

पोपटरावांनी गुडघ्यांवरचे हात सोडवले. "खरं सांगू?"

"आता काय निवडनूक हाय व्हय?"

"तू माळकरी," पोपटराव म्हणाले. "गानगापूर न्हाई, अक्कलकोट न्हाई, समदीकडं नुसती खिचडी आन् भगर. शेवटच्या दिशी लॉजच्या मागं समोरच्यांचा मानूस आला, म्हनला चला, वाईच पाय मोकळं करून यिऊ. ढाब्यावर न्हेलं. मटान व्हतं, हौसराव. पोटभर खाल्लं. मग त्यो म्हनला, हात वर करशीला ना? खाल्ल्यावर न्हाई कसं म्हनू? खाल्ल्या मिठाला जागलो."

आबा बघतच राहिले. वीस वर्षं त्यांनी त्या हाताची किंमत काढण्यात घालवली होती. "मटनापायी?"

"मटनापायी."

"चांगलं तरी व्हतं का?"

पोपटरावांनी मरियेच्या मूर्तीकडं पाहिलं, फादरकडं पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "लई चांगलं व्हतं," ते म्हणाले.

आबांचे खांदे हलायला लागले. सिस्टरांना वाटलं ते रडतायत, आणि ते तसे रडतही होते, पण मुख्यतः हसत होते. फादरच्या हातातला तांब्या हिंदकळला. पोपटराव आधी भीत भीत आणि मग तोंडभर हसले. फादरनी टॉवेलनं पाय टिपला, बोटांच्या बेचक्यांतून नीट टिपला, आणि रिवाजाप्रमाणं वाकून त्यावर ओठ टेकले. त्या काळपट बोटाशेजारीच.

सगळं झालं, प्रार्थना झाली, लोक उठायला लागले. आबांना मात्र उठता येईना. गुडघे आखडले होते आणि धरायला काही नव्हतं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तेवढ्यात वरून एक हात पुढं आला. पोपटरावांचा, उजवा, तोच.

आबांनी तो बघितला आणि धरला. "सोडू नगंस आता," ते म्हणाले.

"न्हाई सोडत," पोपटराव म्हणाले आणि त्यांनी दुसराही हात लावला.